बुडवा, थांबा, वर येऊ द्या: मस्कीसाठी लाकडी जर्कबेट

मस्की या मोठ्या शिकारी माशाला गरवायचं सामान विकणाऱ्या दुकानात सगळ्यात ओबडधोबड दिसणारी वस्तू म्हणजे लाकडी जर्कबेट, एक खोटं आमिष. नऊ-दहा इंचांची रंगवलेली फळी, तोंडाकडे तासलेला उतार, पोटाला दोन किंवा तीन ट्रेबल (तीन टोकांचे) हुक आणि शेपटीला पत्र्याची एक पट्टी. ना फिरणारं पातं, ना वळवळणारं रबर. नुसतं रीळ फिरवत ओढून आणलं तर त्यात जीव आहे असं माशाला सोडाच, आपल्यालाही वाटत नाही. तरी अमेरिकेतल्या उत्तर विस्कॉन्सिनच्या तळ्यांवर जुन्या मंडळींच्या पेटीत हे दातांनी खरवडलेलं लाकूड हमखास सापडतं.

या जातीतलं सगळ्यात नावाजलेलं ल्युअर (खोट्या आमिषाला इथे हेच म्हणतात) म्हणजे सुइक थ्रिलर. अँटिगो गावच्या फ्रँक सुइक यांनी ते १९३० च्या दशकात बनवलं. पेलिकन लेकवर त्यांनी तीस दिवसांत तीस मस्की धरले अशी कथा त्याच्याबरोबर सांगितली जाते. कथेतला तिखटमीठ वजा केला तरी ल्युअर उरतंच, आणि ते आजही जवळपास त्याच घडणीत विकलं जातं. बॉबी बेट त्याच पठडीतलं. बर्ट नावाचं ल्युअर प्लास्टिकचं असलं तरी चाल हीच: ओढलं की बुडतं, सोडलं की वर येतं. जर्कबेटची दुसरी जात असते ग्लायडर, जी डावीकडे-उजवीकडे घसरत चालते. तिचं तंत्र वेगळं, इथे तिचा विचार नाही.

शिकागो, मिलवॉकी, मिनियापोलिसच्या आसपास राहणाऱ्या, आणि लहानपणी खाडीवर किंवा नदीवर गरवायला गेलेल्या मराठी माणसांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. मस्की हा पाइक कुळातला सर्वांत मोठा मासा आणि १९५५ पासून विस्कॉन्सिनचा राज्यमासा. तो दहा हजार फेकींनंतर एकदा लागतो अशी इथली म्हण आहे. आकडा मनावर घेऊ नका, पण रिकाम्या हाताने परतायची तयारी ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नाव जर्कबेट असलं तरी मासा बहुतेक वेळा हिसक्यावर येत नाही, हिसक्यानंतरच्या थांब्यावर येतो. बुडालेलं लाकूड वर यायला लागतं, जखमी मासा जसा तोल सावरत वर येतो तसं, आणि तेव्हाच मागे दबा धरून आलेला मस्की निर्णय घेतो. शेपटी वाकवणं, शिसं भरणं, हुक बदलणं ही सगळी कारागिरी अखेर या वर येण्याचा वेग आणि कल ठरवण्यासाठीच असते. ल्युअर किती खोल जातं याची चौकशी सगळे करतात. ते किती सावकाश परततं, हे क्वचितच कोणी विचारतं.

सामान

रॉड आखूड आणि ताठ हवा. साडेसहा ते साडेसात फुटांचा, हेवी किंवा एक्स्ट्रा हेवी. हल्ली मस्कीसाठी आठ-नऊ फुटी रॉडची चलती आहे आणि मोठ्या बकटेलसाठी (फिरत्या पात्याच्या केसाळ ल्युअरसाठी) ते उत्तमच. पण जर्कबेटमध्ये रॉडचं टोक खाली, पाण्याकडे ओढायचं असतं. रॉड लांब असेल आणि बोट बुटकी असेल, तर दर ओढीला टोक पाण्यात शिरतं. उंच माणसाला, उंच बोटीवर, आठ फुटी चालून जाईल.

रीळ मोठ्या आकाराचं बेटकास्टर (रॉडच्या वर आडवं बसणारं), ३०० किंवा ४०० मापाचं. दोरी ८० ते १०० पौंडी ब्रेडेड, म्हणजे विणलेली. यात काटकसर नको. फेकताना रिळावर गुंता झाला की जड लाकूड हवेतच झटका खातं, आणि पातळ दोरी असेल तर ल्युअर एकटंच तळ्यात निघून जातं.

लीडर मात्र विचारपूर्वक घ्या. मस्कीच्या दातांपुढे साधी दोरी टिकत नाही, म्हणून पुढे तारेचा किंवा जाड फ्लुओरोकार्बनचा तुकडा लागतोच. या ल्युअरला एकेरी, ताठ पोलादी तार सगळ्यात बरी. कारण थांब्यात दोरी सैल पडते. मऊ लीडर त्या सैलपणात वळसा घेऊन पुढच्या हुकात अडकतो आणि ल्युअर आडवं ओढलं जातं. ताठ तार ल्युअरच्या नाकासमोर सरळ राहते. आठ-दहा इंच पुरे.

बाकी यादी छोटी आहे, पण त्यातलं काहीही वगळून पाण्यावर जाऊ नका: लांब नाकाची पक्कड, हुक तोडायचा दमदार कटर, रबराचा थर दिलेली मोठी जाळी, कानस आणि डोळ्यांवर पोलराइज्ड चष्मा. चष्मा मासा दिसावा म्हणून लागतोच, पण त्याहून जास्त तो तीन अणकुचीदार हुक लावलेलं लाकूड उलटं उडून येतं तेव्हा लागतो. तळ्यावरच्या रिसॉर्टमधून भाड्याने बोट घेतलीत तर तिच्याबरोबर मिळणारी जाळी मस्कीच्या उपयोगाची नसते. आपली न्या.

आधी घरचं टब

नवं ल्युअर आणलं की ते थेट तळ्यात नेऊ नका. घरी बाथटबमध्ये थंड पाणी भरा, हुक आणि लीडर लावलेल्या अवस्थेत ल्युअर त्यात सोडा आणि नीट पाहा. पाठ पाण्याच्या किती वर राहते? नाक खाली की शेपूट खाली? एका कुशीवर कलतं का? मग बोटाने तळापर्यंत दाबा आणि सोडा. वर यायला किती वेळ लागतो, आणि येताना आडवं येतं, नाकाने येतं की शेपटीने, ते बघा.

लाकडाची गंमत इथेच कळते. एकाच कारखान्यातली, एकाच मापाची, एकाच रंगाची दोन ल्युअर शेजारी-शेजारी सोडली तरी ती सारखी तरंगत नाहीत. एका फळीचा कण दाट असतो, दुसरीचा विरळ. प्लास्टिकच्या साच्यातून निघालेल्या मालात हा फरक जवळजवळ नसतो. तो एकसारखेपणा कुणाला गुण वाटतो, लाकडाच्या भक्तांना तोच दोष. मी भक्तांपैकी आहे. पाण्यात जड बसणारं, सावकाश वर येणारं एखादं लाकूड दुकानातूनच तसं मिळालं तर त्याला ड्रिल लावू नये, जपून ठेवावं.

टबमध्ये पाहिलेलं ल्युअरच्या पोटावर न पुसणाऱ्या पेनाने लिहून ठेवा. "हलकं", "नाक खाली", "सावकाश", एवढं पुरतं. पेटीत चार सारखी ल्युअर झाली की याची किंमत कळते.

शेपटीची पट्टी

सगळ्यात स्वस्त, सगळ्यात झटपट आणि उलटवता येणारा बदल म्हणजे ही पट्टी वाकवणं. विमानाच्या शेपटीतली झडप जे काम करते तेच इथे होतं. पट्टी खाली वाकवली की पाणी शेपटीला वर ढकलतं, नाक खाली जातं आणि ल्युअर जास्त तिरकं, जास्त खोल बुडतं. पट्टी सरळ किंवा किंचित वर केली की बुडी उथळ होते.

वाकवताना दोन्ही अंगठे पट्टीवर शेजारी-शेजारी ठेवा आणि पूर्ण रुंदीवर सारखा जोर द्या. एका वेळी जेमतेम दिसेल इतकंच. मग ल्युअर डोळ्यांसमोर धरून मागून बघा: पट्टीचे दोन्ही कोपरे एका रेषेत हवेत. एक कोपरा खाली राहिला तर ल्युअर दर ओढीला एका बाजूला पळेल. फार वाकवलं तर बुडी खोल होण्याऐवजी ल्युअर पाण्यात कोलांटी खातं किंवा आडवं पडून येतं. तसं दिसलं की अर्धं मागे घ्या.

पत्रा पुन:पुन्हा एकाच रेषेत मागेपुढे केला की कडक होतो आणि चिरतो. म्हणून मासे गरवताना दर दहा मिनिटांनी पट्टीशी खेळू नका. जमलं तर दोन ल्युअर ठेवा, एक उथळ लावलेलं, एक खोल. नाकापाशी दोरी बांधायची कडी वाकडी नाही ना, हेही याच वेळी पाहून घ्या. पट्टी निर्दोष असूनही ल्युअर एकीकडे पळत असेल तर दोष बहुधा तिथे असतो.

पाण्यावर: ओढ आणि थांबा

फेकायच्या आधी मागे बघा. बोटीत दुसरं कोणी असेल तर तोंडाने सांगून फेका. मुलं बरोबर असतील तर त्यांची जागा बोटीच्या दुसऱ्या टोकाला.

ल्युअर पाण्यात पडलं की क्षणभर राहू द्या, सैल दोरी गुंडाळा. रॉडचं टोक ल्युअरच्या दिशेला, पाण्यापासून जरा वर. आता टोक खाली आणि आपल्या बाजूला ओढा. पहिली ओढ मवाळ ठेवा, कारण पृष्ठभागावरच्या ल्युअरला जोराचा झटका दिला तर ते बुडण्याऐवजी फडफडत उडी मारतं. एकदा पाण्याखाली गेलं की पुढच्या ओढी फूट-दीड फुटाच्या, कधी दोन-तीन फुटांच्या. झटका नको, दाबून ओढ हवी. बादलीभर पाणी विहिरीतून वर घेताना हात जसा चालतो तसा.

ओढ संपली की रॉड परत ल्युअरच्या दिशेला न्या आणि त्या वेळात उरलेली सैल दोरी रिळावर घ्या. इथे नवखे बहुधा फसतात. रीळ फिरवताना दोरी ताठ झाली तर वर येणारं ल्युअर पुढे खेचलं जातं आणि थांबा वाया जातो. ल्युअर चालवायचं काम रॉडचं, रिळाने फक्त सैल दोरी गोळा करायची. दोरी किंचित झोळ खात राहिली पाहिजे, पण इतकीही सैल नको की मासा लागलेला कळणार नाही.

थांबा किती? वसंतात पाणी थंड असताना आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लांब, ल्युअर जवळजवळ पृष्ठभागापर्यंत येईस्तोवर. उन्हाळ्यात आखूड, ओढीमागून ओढ. एकाच तालात सगळी फेक काढू नका. दोन आखूड ओढी, एक लांब, मग नेहमीपेक्षा दुप्पट थांबा. मागे मासा येताना दिसला तर बहुतेकांचा हात आपोआप थबकतो. तसं न करता ओढी लवकर-लवकर द्या. पळणाऱ्या भक्ष्यामागे तो धावतो, रेंगाळणाऱ्याकडे संशयाने बघतो.

मनगटाने हे काम करू नका. रॉडची मूठ कमरेला किंवा हाताच्या कोपराला टेकवून अंगाने ओढा, नाहीतर दुपारपर्यंत हात निकामी होतो. मध्येच तासभर दुसरं हलकं ल्युअर वापरण्यात कमीपणा नाही.

जागा? वजन न भरलेलं नऊ इंची ल्युअर अंदाजे दोन ते चार फुटांत चालतं. पाणवनस्पतींचं बेट पृष्ठभागाखाली तीन-चार फुटांवर संपत असेल तर त्या माथ्यावरून याच्यासारखं काही चालत नाही. वनस्पतीला टेकलं की ओढणं थांबवा. लाकूड तरंगून, मागच्या मागे, स्वतःला सोडवत वर येतं. बुडणाऱ्या ल्युअरला हे जमत नाही. इथे ज्याला कॅबेज म्हणतात त्या रुंद पानांच्या वनस्पतीची हिरवीगार झाडी सापडली तर तिची बाहेरची कड आणि मधली मोकळी भगदाडं आधी गरवून घ्या. बुडालेली झाडं आणि ओंडक्यांभोवतीही हाच उपयोग.

एखादी पानाची देठं हुकात अडकून राहिली तर पुढची फेक फुकट, कारण शेपटीची पट्टी पानांनी जड झाली की ल्युअर बुडतच नाही. पण ती सोडवायला पाण्याखालून जोरात झटकू नका. अडकलेलं ल्युअर अचानक सुटतं तेव्हा ते थेट तुमच्या तोंडाकडे येतं. लाकडाला किंवा दगडाला अडकलं असेल तर बोट पलीकडे न्या आणि उलट दिशेने काढा.

लागला तर

काही मासे रॉड हातातून जवळजवळ हिसकावून घेतात. बरेच तसं करत नाहीत. थांब्यात दोरी जरा बाजूला सरकते, किंवा पुढची ओढ द्यायला जाता आणि ल्युअर जागचं हलत नाही, जणू वनस्पतीत रुतलंय. शंका आली की हुक बसवा. वनस्पती निघाली तर काय गेलं?

हुक जोरात का बसवायचा, याला कारण आहे. मस्की लाकडाला दात रोवून जबडा मिटतो. दात रुतलेलं लाकूड तोंडात घसरत नाही, आणि ल्युअर घसरल्याशिवाय हुकाचं टोक कुठे शिरणार? म्हणजे आधी जबड्यात ल्युअर हलवावं लागतं, मग हुक रुतवावा लागतो. ताठ रॉड, न ताणणारी ब्रेडेड दोरी आणि धारदार हुक यांची गरज याच एका क्षणासाठी आहे. दोरी ताठ करा, रॉड बाजूला, आडवा, जोरात ओढा आणि मग रॉडचा बाक सुटू देऊ नका. मासा उडी मारायला लागला तर टोक पाण्याकडे ठेवा.

वजन भरणं

आता खरी कारागिरी. जसंच्या तसं ल्युअर बुचासारखं वर येतं. गरम पाण्यात, उत्साही माशांना ते चालतं. पाणी थंडावलं, किंवा मासे मागे येऊन नुसते बघून जायला लागले, की तेच लाकूड निम्म्या वेगाने वर आलेलं हवं असतं. वजन भरल्याने दोन गोष्टी होतात: वर येणं मंदावतं आणि ओढींमागून ल्युअर जास्त खोलवर काम करतं. कंपन्या आधीच वजन भरलेली ल्युअरही विकतात. एखादं विकत घेऊन टबमध्ये त्याची चाल पाहिलीत तर आपल्याला कुठे पोचायचंय ते कळेल.

ड्रिलला हात लावण्याआधी तात्पुरते उपाय करून बघा. सगळ्यात सोपा म्हणजे हुक एक माप मोठा किंवा जाड तारेचा लावणं. दुसरा, हुकाच्या दांडीवर शिशाची तार गुंडाळणं. तिसरा, पोटाला चिकटणाऱ्या शिशाच्या पट्ट्या. त्या रंगावर कोरड्या, स्वच्छ जागी दाबून बसवल्या तरच दिवसभर टिकतात. या तिन्हींची शोभा कोणी बघत नाही आणि तळ्यावर बसूनही बदलता येतात.

कायमचं करायचं ठरलं की हा क्रम ठेवा.

टबमध्ये ल्युअरच्या पोटाला रबरबँडने पाव औंसाचं, म्हणजे सुमारे ७ ग्रॅमचं शिसं बांधा. हुक लावलेलेच असू द्या. दाबा, सोडा, पाहा. कमी वाटलं तर अजून थोडं. आता तेवढंच शिसं पुढे-मागे सरकवून कल तपासा. पुढच्या हुकाजवळ नेलं की नाक खाली जातं, बुडी तिरकी होते आणि ल्युअर शेपूट वर करून परततं. वनस्पतीत हे सोयीचं. मागे नेलं की नाक वर राहतं आणि बुडी मरते, म्हणून तिकडे फारसं कोणी जात नाही. मधोमध ठेवलं की ल्युअर आडवं, लिफ्टसारखं वर येतं. मला स्वतःला मध्यापासून जरा पुढची जागा पसंत आहे.

ल्युअर पाण्यात पूर्ण स्थिर राहील, ना वर ना खाली, इतकं वजन भरायचा मोह होतो. नवख्याने तो टाळावा. वर न येणारं डाइव्ह-अँड-राइज (बुडून वर येणाऱ्या जातीचं) ल्युअर हा जातच बदललेला प्राणी आहे, आणि वनस्पतीतून स्वतःला सोडवायची त्याची ताकदही जाते. पाठ पाण्याला जेमतेम लागेल, पण ल्युअर नक्की वर येईल, तिथे थांबा. टबमध्ये थंड पाणी घ्यायला सांगितलं ते यासाठी की थंड पाणी किंचित दाट असतं. कोमट पाण्यात काठावर तोललेलं ल्युअर थंड तळ्यात थोडं जास्त तरंगतं. फरक बारीक आहे, पण काठावर तोललेल्याला बारीक फरकही पुरतो.

जागा ठरली की पेन्सिलने खूण करा आणि हुकांचे स्क्रू कुठवर आत गेलेत त्याचा अंदाज घ्या. भोक दोन हुकांच्या मध्ये, पोटाच्या बरोबर मध्यरेषेवर. रेषा चुकली तर ल्युअर कुशीवर पोहेल. ल्युअर फडक्यात गुंडाळून शिकंज्यात हलकेच पकडा, आधी बारीक ड्रिल, मग तीन अष्टमांश इंची. ड्रिलवर टेपचा तुकडा गुंडाळून खोलीची खूण करा आणि लाकडाच्या निम्म्या जाडीपलीकडे जाऊ नका. या मापाच्या भोकात अर्धा इंच शिसं भरलं की साधारण १० ग्रॅम होतात. जास्त हवं असेल तर एकच खोल भोक पाडण्यापेक्षा शेजारी दुसरं पाडा.

एक बारकावा. बाहेर बांधलेलं शिसं स्वतःपुरतं पाणी बाजूला सारतं, त्यामुळे त्याचा थोडा भार पाणी उचलतं. आत बसवलेलं शिसं फक्त लाकडाची जागा घेतं, म्हणून तेवढ्याच वजनाचं असूनही किंचित जास्त ओढतं. तेव्हा टबमध्ये जे जमलं त्यापेक्षा चिमूटभर कमी भरा.

शिसं सिंकरमधून (गळाला लावायच्या शिशाच्या वजनातून) कापून घ्या, हातोडीने ठोकून भोकात घट्ट बसेल असं करा. वितळवून ओतायच्या भानगडीत घरात पडू नका. शिशाची वाफ आणि धूळ विषारी, शिवाय ओलसर लाकडात तापलेलं शिसं उडतं. कापतानाही हातमोजे घाला, स्वयंपाकघरातला ओटा वापरू नका, नंतर हात साबणाने धुवा. शिसं बसल्यावर भोकाच्या तोंडाशी थोडी जागा राहू द्या आणि ती दोन भागांच्या इपॉक्सीने भरा. पूर्ण वाळल्यावर पॉलिशपेपर, मग रंग, मग पुन्हा इपॉक्सीचा किंवा मरीन वार्निशचा हात. हे शिसं उघडं पडू देऊ नका. उत्तरेच्या तळ्यांवर लून पक्षी असतात, आणि सुटं शिसं गिळून ते मरतात.

हुक, कड्या आणि इतर उचापती

दुकानातून आलेला हुक धारदार असेलच असं नाही. टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवा. घसरलं तर कानस चालवा. नऊ इंची ल्युअरला ४/० किंवा ५/० मापाचे ट्रेबल साधारण बसतात. दोन शेजारचे हुक एकमेकांत अडकत नाहीत ना, ते पाहा. काट्याची उलटी नखं पकडीने चेपली तर मासा सोडवणं सोपं होतं, आणि तुमच्या हातात रुतला तर तेही. स्प्लिट रिंग (हुक अडकवायची दुहेरी वेटोळ्याची कडी) जाड घ्या.

हुक स्क्रूच्या कडीला असतील तर त्या कड्या हाताने फिरवून बघा. सैल झालेली कडी काढा, भोक कोरडं होऊ द्या, इपॉक्सी भरा आणि पुन्हा आवळा. मासा दोरी तोडूनच जातो असं नाही, जुन्या लाकडातून कडी उपटूनही जातो.

शेपटीच्या पट्टीला मऊ प्लास्टिकची वळणदार शेपूट जोडायची पद्धतही आहे. थांब्यात ती हलत राहते. पण ती पाण्याला अडवते आणि बुडी कमी होते, तेव्हा पट्टी थोडी जास्त वाकवावी लागते. रंगाबद्दल माणसं रात्र-रात्र वाद घालतात. काळं, नारिंगी पोटाचं आणि पर्च माशासारखं पट्टेरी, एवढ्यावर नवख्याचं भागतं.

बोटीजवळ

मस्की कडेपर्यंत मागे येतो, म्हणून दर फेकीच्या शेवटी रॉड पाण्यात घालून ल्युअरची मोठी इंग्रजी आठाच्या (8) आकड्याची चाल करतात. तरंगणाऱ्या लाकडाला ती नीट जमत नाही. टोक खोल दाबून, रुंद वळण घेत एकदा बाजूला आणि एकदा परत, एवढं करा. वजन भरलेल्या ल्युअरला हे जास्त साधतं, तोही वजन भरण्याचा एक फायदा.

मासा जाळीत आला की जाळी पाण्यातच ठेवा. त्याचं तोंड, कल्ले आणि शरीर पाण्यात असतानाच हुक काढायचे. खोल रुतलेला हुक ओढत बसण्यापेक्षा कटरने तोडा. हुक बदलता येतो. फोटोसाठी उचलायचा तर आडवा, एक हात कल्ल्याच्या झाकणाखाली, दुसरा पोटाखाली. जबड्याने उभा लटकवू नका. मग पाण्यात शेपटीजवळ धरून ठेवा, तो स्वतः निघून जाईपर्यंत. पाणी ८० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे २७ सेल्सियसच्या पुढे गेलं असेल तर मस्कीच्या वाटेला जाऊच नका. सोडलेला मासा पोहत जातो आणि नंतर मरतो.

कोकणातून आलेल्या माणसाला एवढा मोठा मासा सोडून द्यायचा म्हणजे जिवावर येतं, ते मी समजू शकतो. पण मस्की मोठा व्हायला खूप वर्षं घेतो, आणि मोठ्या शिकारी माशात पारा साठतो. विस्कॉन्सिनच्या अधिकृत सल्ल्यात प्रजननवयातल्या स्त्रिया आणि १५ वर्षांखालच्या मुलांनी मस्की खाऊ नये असं स्पष्ट म्हटलंय. तव्यावर टाकायला त्याच तळ्यात पर्च आणि वॉलाय आहेत. कायदाही कडक आहे: विस्कॉन्सिनमध्ये ठेवायच्या मस्कीची किमान लांबी सर्वसाधारणपणे ४० इंच, मिनेसोटात बहुतेक तळ्यांवर ५४. तळ्यागणिक नियम आणि हंगाम वेगळे असतात, म्हणून परवाना काढताना त्या-त्या तळ्याचं पान वाचा.

घरी आल्यावर ल्युअर बंद पेटीत ओली ठेवू नका. हुक गंजतात आणि रंगाखाली पाणी शिरलं की लाकूड फुगतं. वाऱ्यावर वाळवा, मग नखाने दातांच्या खुणा चाचपा. रंग खरवडून लाकूड उघडं पडलं असेल तिथे पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या, आणि पुढच्या वेळी नेण्याआधी टबमध्ये पुन्हा एकदा बुडवून सोडा. आत पाणी शिरलेलं लाकूड वेगळं वर येतं, आणि पोटावर लिहिलेलं मग बदलावं लागतं.